सहा एकर वावर, एकच पाठ: फवारणीचा पंप पेट्रोलचा घ्यावा की चार्जिंगचा?

पत्र

भाऊ, नमस्कार. आमचं राळेगाव तालुक्यात सहा एकर वावर आहे. चार एकरात पऱ्हाटी म्हणजे कपाशी अन् मधात तुरीचे तास, दोन एकरात सोयाबीन. आजवर पोराचे बाबा हातपंपानंच फवारत होते. मागच्या दिवाळीपासून त्यांचा खांदा उचलत नाही, म्हणून यंदा फवारणी पोरगा करणार. त्याचं वय एकवीस आहे. धुऱ्याच्या पलीकडच्यांनी पेट्रोलचा पंप घेतला, तसाच आपणही घेऊ असा त्याचा हट्ट आहे. तो म्हणतो, चार्जिंगच्या पंपाला जोर नसतो अन् अर्ध्या वावरात बॅटरी बसते. आमच्या गावात लाइनीचा भरवसा नाही हेही खरं आहे. मी दोन बकऱ्या विकून आठ हजार बाजूला ठेवले आहेत. विहिरीचं पाणी शेंदायचं अन् औषध कालवायचं काम माझंच असते. सतराच्या साली माझ्या माहेरच्या गावात फवारणीनं दोघं दवाखान्यात पडले होते, ते मी डोळ्यानं पाहिलं. तेव्हापासून पंप पाठीवर चढला की मले धास्ती वाटते. कोणता घेऊ ते सांगा.
— एक शेतकरी आई

उत्तर

ताई, चार्जिंगचा घ्या. मृग तोंडावर आहे, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. पण आठच्या आठ हजार पंपात घालू नका. उरलेल्या पैशाचं काय करायचं, ते वाचल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

मी तालुक्याच्या बाजारात वीस वर्षांपासून फवारणीचे पंप दुरुस्त करतो. तुमच्या पोराचं म्हणणं खोटं नाही, हे मी आधी कबूल करतो. पेट्रोलच्या पंपाचा जोर खराच दांडगा असतो. चार्जिंगच्या पंपात लहानशी मोटर आणि पडद्याचा पंप असतो, त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला चार ते सात किलोच्या आसपास राहतो. पेट्रोलवाल्यात पिस्टन असतो आणि तो पंधरा-वीस किलोच्या वर सहज जातो. वरूड-मोर्शीकडे बारा-पंधरा फुटांची संत्र्याची झाडं असतात. तिथे शेंड्यापर्यंत औषध पोचवायचं तर चार्जिंगचा पंप कामाचा नाही. वीस एकर पऱ्हाटी असेल, किंवा पोरगा गावभर मजुरीनं फवारणार असेल, तरी मी पेट्रोलचाच घ्या म्हणालो असतो. तुमची गोष्ट वेगळी आहे. वावर सहा एकर आणि पाठ एकाच पोराची.

ती पाठच आधी बघा. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. सोळा लिटरचा चार्जिंगचा पंप रिकामा पाच-सहा किलोचा असतो, भरला की बावीस किलो. पेट्रोलचा पंप रिकामाच नऊ-दहा किलोचा, टाकी वीस-पंचवीस लिटरची, म्हणजे भरल्यावर तीस ते पस्तीस किलो. आपल्या काळ्या जमिनीत ऑगस्टमध्ये पाय घोट्यापर्यंत जातो आणि वर येताना तळव्याला चिखलाचा गोळा घेऊनच येतो. अशा वावरात ओळीओळीनं दिवसभर चालायचं आहे. त्यात पाठीला टेकलेलं इंजीन थरथरतं, तापतं, धूर सोडतं आणि कानाशी एकसारखं किंचाळतं. दुकानात ते पाच मिनिटं चालू करून दाखवतात तेव्हा पोरांना ते गाडीसारखं वाटतं. दुपारी दोनला काय वाटतं, ते माझ्याकडे पंप घेऊन येणाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्याच्या वळांवरून कळतं.

आता पोराचा मुख्य मुद्दा, बॅटरी बसण्याचा. आपल्याकडे भरलेल्या टाकीलाही पंपच म्हणतात, तेव्हा हिशेब पंपांतच करू. वाढलेल्या पऱ्हाटीला एकरी दोनशे लिटर पाणी धरलं तर सोळा लिटरचे बारा-तेरा पंप होतात. चार एकराचे झाले पन्नास. पीक लहान असताना याच्या निम्म्यातही भागतं. बॅटरीवर बारा व्होल्टच्या पुढे आठ किंवा बारा अँपिअर-तास लिहिलेलं असतं, तुम्ही बारावाली मागा. मोटर साधारण तीन अँपिअर ओढते, म्हणजे कागदावर चार तास, खऱ्या कामात साडेतीन धरा. एका नोझलनं सोळा लिटर संपायला बारा-तेरा मिनिटं लागतात. साडेतीन तासांत सोळाएक पंप झाले. दुकानदार पंचवीस सांगेल. नव्या बॅटरीवर, हलक्या नोझलवर कधी होतातही, पण त्या भरवशावर बेत आखू नका.

म्हणजे एका बॅटरीवर पऱ्हाटी सव्वा एकर. तुमचा पोरगा म्हणतो ते इथवर बरोबर आहे. उपाय सोपा आहे, दुसरी बॅटरी घ्यायची. बारा अँपिअरची जादा बॅटरी दीड हजाराच्या आसपास मिळते. सकाळी एक, दुपारनंतर दुसरी. दोन बॅटऱ्यांवर एका माणसाचे दिवसाला पंचवीस पंप निघतात, म्हणजे दोन एकर. चार एकर पऱ्हाटी दोन दिवसांत, सोयाबीन तिसऱ्या दिवशी. पेट्रोलच्या पंपानं हेच काम दीड-दोन दिवसांत उरकेल. पावसाची झड लागून दोनच दिवसांची उघडीप मिळाली, तर तो एक दिवस फार महाग पडतो, हे मला मान्य आहे. अशा वेळी आधी कोणता पट्टा फवारायचा हे ठरवा. जिथे फुलं-पात्या जास्त आणि अळी दिसते, तो आधी. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले आणि रोज सकाळी पतंग मोजले, तर घाई खरी आहे की शेजारी फवारतो म्हणून आपणही निघालो, ते कळतं. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीला उशीर करू नये. त्याच्या आत असेल तर थांबायला जागा आहे. वाचलेली एक फवारणी कोणत्याही पंपापेक्षा स्वस्त.

लाइनीचं म्हणाल तर चार्जरला घरची सिंगल फेज पुरते, वावरातल्या थ्री फेजच्या पाळीची वाट बघावी लागत नाही. बारा अँपिअरची बॅटरी भरायला सहा ते आठ तास लागतात आणि वीज लागते पाव युनिटच्या आत. रात्री कधी चार तास लाइन गेली तरी सकाळपर्यंत बरीचशी भरते, आणि दुसरी बॅटरी असतेच. तुमच्या गावचा प्रकार याहून वाईट असेल तर 'टू इन वन' पंप मागा. त्याला बॅटरीही असते आणि हाताचा दांडाही. बॅटरी वावराच्या मधोमध बसली तरी आत कालवलेलं औषध वाया जात नाही, उरलेला पंप हातानं मारून संपवता येतो. मी तर तोच घ्या म्हणेन. 'डबल मोटर'च्या नादाला लागू नका. जोर वाढतो, पण बॅटरी तेवढीच लवकर बसते.

हंगामाच्या खर्चाचा अंदाज सांगतो. सहा एकरात चार-पाच फवारण्या धरल्या तर तीनेकशे पंप होतात, म्हणजे वीसएक वेळा चार्जिंग. वीज पाच युनिटच्या आत. तेवढ्याच कामाला पेट्रोलचं इंजीन वीसेक लिटर पेट्रोल पितं. लिटरला शंभराच्या वर दर आहे, वरून पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल. मात्र चार्जिंगच्या पंपाचा खरा खर्च बॅटरीचा आहे, आणि तो बहुतेक लोक हातानं ओढवून घेतात.

माझ्याकडे जून महिन्यात येणाऱ्या चार्जिंगच्या पंपांत दुखणं जवळजवळ एकच असतं. जानेवारीत शेवटची फवारणी झाली, पंप तसाच कोठ्यात टांगला, पाच महिने कोणी हात लावला नाही. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर थर चढतो आणि मग ती चार्ज घेत नाही. त्यातून आपला मे महिना. पंचेचाळीस अंशांत टिनाखाली तापलेली बॅटरी लवकर मरते. म्हणून फवारून आलात की त्याच रात्री चार्जिंगला लावा, थोडी उरली असेल तरी. हंगाम संपला की बॅटरी पंपातून काढा, ओल्या फडक्यानं पुसा, घरात सावलीत ठेवा आणि महिन्यातून एक रात्र चार्ज करा. अमावस्येला किंवा पगाराच्या तारखेला, लक्षात राहील अशा कोणत्याही दिवशी. पंप मात्र घरात आणू नका, तो गोठ्यातच, लेकरांच्या हाताच्या वर. चार्जिंग चुलीपाशी किंवा झोपायच्या खोलीत नको. एवढं केलं तर बॅटरी दोन-तीन हंगाम साथ देते. लिथियमची बॅटरी मिळाली तर वजनाला हलकी आणि पडून राहिली तरी कमी उतरते, पण महाग आहे, आणि तिला तिचाच चार्जर लागतो. शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला चुकूनही लावायचा नाही.

पेट्रोलच्या पंपाची निगा याहून किचकट. टू-टी ऑइलचं प्रमाण इंजिनाप्रमाणे बदलतं. कोणाला लिटरला चाळीस मिली, कोणाला वीस. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं की कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. मग जूनमध्ये दोरी ओढून ओढून हात दुखतात आणि पंप माझ्या दुकानात येतो. शिवाय गरम इंजिनावर पेट्रोल ओतायची घाई. वावरात ती सगळेच करतात, आणि ते पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

ताई, आता तुमच्या धास्तीबद्दल. मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते इथेच.

२०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर धरून मारला की तो तोंडावरच यायचा. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती, अंगावर साधा सदरा, आणि जोराचा फवारा उडवणारे पंप. कारणं शोधताना या सगळ्यांची नावं आली. मी स्वतः त्या सप्टेंबरात दुरुस्तीला आलेले पंप उघडत होतो. झाकणाची वायसर (वॉशर) गेलेली, पाठीकडून औषध झिरपत होतं, आणि माणूस म्हणत होता, भाऊ, एवढ्यानं काय होते. ते वाक्य मी विसरलो नाही. त्यानंतर माझ्याकडे आलेला एकही पंप झाकणाची वायसर पाहिल्याशिवाय परत दिलेला नाही.

पंपाचा जोर वाढला की थेंब बारीक होतो, आणि बारीक थेंब वाऱ्यावर तरंगत राहतो. तोच नाकात जातो, तोच शेजारच्या वावरात जातो. पऱ्हाटीच्या पानाखालच्या मावा-तुडतुड्यासाठी चार-पाच किलोचा दाब आणि पोकळ शंकूसारखा फवारा देणारं चांगलं नोझल पुरतं, दांडी खालून वर फिरवली की झालं. तुमच्या पोराला 'जोर' म्हणून जे हवं आहे, ते बरंचसं नव्या नोझलनं मिळतं. जुनं नोझल झिजून भोक मोठं झालेलं असतं. लोक पंपाला दोष देतात, आणि दोनशे रुपयांचं नोझल बदलत नाहीत.

आणखी एक चूक मी दरसाल पाहतो. 'पॉवर पंपाला औषधाचं प्रमाण तिप्पट' हे वाक्य गावोगावी तोंडपाठ आहे. ते मुळात हवेच्या झोतानं धुक्यासारखं फवारणाऱ्या पंपासाठी आहे. त्यात एकरी पाणी फार कमी लागतं, म्हणून दर पंपात औषध जास्त घालायचं. एकराला पडणारं औषध तेवढंच राहतं. पाठीवरचा पिस्टनचा पेट्रोल पंप साध्या पंपाइतकं किंवा त्याहून जास्त पाणी सोडतो. त्यात तिप्पट घातलं म्हणजे वावरात तिप्पट विष गेलं, पोराच्या अंगावरही आणि तुमच्या खिशातूनही. औषधाचा हिशेब नेहमी एकरावर करायचा. त्यासाठी तुम्ही घरीच एक काम करा. दोन गुंठे मोजा, तेहतीस फूट रुंद आणि सहासष्ट फूट लांब. पंपात नुसतं पाणी भरून पोराला त्याच्या नेहमीच्या चालीनं तेवढं फवारू द्या आणि किती लिटर लागलं ते बघा. त्याला वीसनं गुणलं की एकराचं पाणी निघालं. समजा आठ लिटर लागले, तर एकरी एकशे साठ लिटर, म्हणजे सोळा लिटरचे दहा पंप. डब्यावर एकरी ऐंशी ग्रॅम लिहिलं असेल तर दर पंपात आठ ग्रॅम. हा आकडा कोळशानं कोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. पऱ्हाटी वाढली की परत मोजा.

औषध कालवणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून हे खास तुमच्यासाठी. पोराच्या पंपात औषध पाणी मिसळून पातळ झालेलं असतं, तुमच्या हातात मात्र ते डब्यातलं घट्ट असतं. धोका तुम्हाला जास्त आहे. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, ढवळायला लांब काठी. मापटं औषधाचंच ठेवायचं, ते पाण्याच्या घागरीत बुडवायचं नाही. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. दुकानदारानं लाल त्रिकोणाचा डबा पुढे केला तर दुसरं मागा. दोन औषधं मनानं मिसळू नका. पोरानं सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर फवारावं, वारा आडवा घेऊन, आणि फवारलेल्या ओळीत परत शिरू नये. पाठ आणि पंप यांच्या मधे जाड प्लॅस्टिकचा कागद बांधा. पऱ्हाटी छातीच्या वर जाऊ लागली तर शेंडे खुडा, उंची आटोक्यात राहते. आणि कोणाला फार घाम सुटला, लाळ गळू लागली, ओकारी झाली, डोळ्यांना अंधुक दिसू लागलं, तर कपडे काढून साबणानं आंघोळ घालायची आणि औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ सरकारी दवाखाना. लिंबू-ताक पाजत घरी बसायचं नाही.

आता पैसे. बारा अँपिअरचा 'टू इन वन' पंप साडेतीन-चार हजारांत येतो. दुसरी बॅटरी दीड हजार. दोन चांगली नोझलं, हातमोजे, चष्मा, मुखपट्टी, गमबूट मिळून हजार-बाराशे. उरलेले तेराशे ते दोन हजार पुढच्या बॅटरीसाठी डब्यात टाका. जुना हातपंप भंगारात देऊ नका. त्याला लाल रंगाचा पट्टा मारा आणि तो फक्त तणनाशकाला ठेवा. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी त्यातल्या उरल्यासुरल्या अंशानं पऱ्हाटीचे शेंडे चिमणीच्या पायासारखे आखडतात. मी अशी अख्खी वावरं पाहिली आहेत.

पण खरेदीच्या आधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) गाठा. २०२४ मध्ये कापूस-सोयाबीनवाल्यांना महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर सोडत काढून बॅटरीचे पंप शंभर टक्के अनुदानावर दिले होते. सध्या काय चालू आहे ते त्यांना विचारा, सातबारा तुमच्या नावावर असेल तर अर्ज तुमच्याच नावानं करा. पूर्वसंमती येण्याआधी घेतलेल्या अवजाराचे पैसे मिळत नाहीत, म्हणून अर्ज करायचा असेल तर बिल आधी फाडू नका. मंजुरी लांबणार असं दिसलं तर मात्र वाट बघत हंगाम घालवू नका.

दुकानात पोराला सोबत न्या, निवड त्याच्या हातानं होऊ द्या. पंप पाण्यानं काठोकाठ भरायला लावा, झाकण घट्ट करा, त्याच्या पाठीवर चढवा आणि त्याला वाकायला सांगा, वावरात तणाचं झाड उपटायला वाकतो तसा. मग तुम्ही मागे जाऊन त्याच्या सदऱ्याला हात लावा. सदरा ओला लागला तर तो पंप तिथेच ठेवा आणि दुसरा मागा.